पायलनं मायसाठी लिहिलेलं पान

पायल म्हणजे माझी शेजारीण इंदूबाई, तिची पोरगी. सक्करदऱ्यात आमची भिंतीले भिंत लागून घरं. बीएच्या शेवटच्या वर्षाले होती, पण साधा अर्ज लिहायचा तरी घाम फुटे पोरीले. अन् बोलायले म्हणाल तर माय वं, तोंडाचा पट्टा बंदच होत नसे.

तिच्या धर्मेंद्र सरांची शिकवायची तऱ्हाच उफराटी. निबंध-बिबंध काही नाही. पोट्ट्याहीले खरी अडचण द्यायची अन् ती लिहून सोडवायले लावायची. त्या वर्षीची अडचण अशी, की धंतोलीच्या दवाखान्यांत डॉक्टर काय सांगतात ते पेशंटले समजतच नाही. मंग एकेकानं एक आजार घ्यायचा अन् सोप्या मराठीत पान लिहायचं. सारे आपापल्या मोबाईलवर एकमेकांचं वाचत, खोडत, सुधरवत. शेवटी ज्याच्यासाठी लिहिलं त्यालेच ऐकवायचं. त्याले नाही समजलं तर पुन्हा लिहायचं.

पायलनं मायचाच आजार घेतला. इंदूबाई तेव्हा धंतोलीतच भरती होती, लिव्हरचा कॅन्सर. पोरगी डॉक्टरले विचारून विचारून लिहीत गेली, अन् आम्ही मोठ्यांनी तिच्यापासून जे लपवलं होतं तेच तिच्या हाती लागलं. मले त्या सराचा असा राग आला! सरही नंतर म्हणाले म्हणे, दुसरा आजार घे. मी सांगितलं, झाकली मूठ सव्वा लाखाची, मायले ऐकवू नको. पण पोरगी हट्टी.

दवाखान्यात मायच्या खाटेपाशी वाचायले बसली तर पहिल्याच ओळीवर अडली. मंग तिनं मोबाईललेच वाचायले लावलं. तो आपला सपाट आवाजात वाचून राहिला. लिव्हर काय काम करते, गाठ कशी वाढते, पोटात पाणी काहून होते. इंदूबाई मान हलवत ऐकून राहिली. शेवटी आलं, ‘पुढील उपचारांबाबत परिस्थितीनुसार योग्य तो निर्णय घेण्यात येईल.’

इंदूबाईनं हात वर केला.

“एवढं सोपं लिहिलं वं बाई, मंग शेवटच कठीण काहून केला?”

पायलनं माझ्याकडे पाहिलं. मले रडू आवरेना, मी खिडकीकडे तोंड केलं. तिनं ती ओळ खोडली, दुसरी लिहिली. या खेपेले मोबाईलले वाचू दिलं नाही, स्वतःच वाचली.

“आता औषध लागू पडणार नाही, आई.”

इंदूबाई बराच वेळ तिचे केस सारखे करत राहिली.

“आता समजलं,” ती म्हणाली. “बराबर लिहिलं. चाल, मले घरी ने.”