तापाच्या गोळ्यांचा तपास

नव्वदच्या दशकात आलापल्लीकडच्या एका ठाण्यात मी ठाणेदार होतो. तिथली एक घटना अजून डोळ्यांपुढून हलत नाही. बाजाराच्या दिवशी एक तरुण शेतकरी अर्धं गाव घेऊन ठाण्यात आला. सरकारी दवाखान्यातल्या सिस्टरने दिलेल्या मलेरियाच्या गोळ्या घेऊन त्याचे वडील बेशुद्ध पडले होते.

“तिनं माह्या बापाले जहर देल्लं, साहेब. तिले आत टाका.”

फिर्याद लिहून घेतली, दवाखान्यावर हवालदार बसवला. लोकांना अटकच हवी होती. बाईला कोठडीत टाकलं की मी मोकळा, पण मला ते पटेना.

सिस्टर भेदरलेली होती. “मी काऊन जहर देईन जी? तापाच्याच डब्यातल्या चार गोळ्या देल्ल्या.” उलटसुलट विचारूनही जबाब बदलला नाही.

तेवढ्यात, म्हाताऱ्याला हलवलं होतं त्या मोठ्या रुग्णालयातून निरोप आला. म्हाताऱ्याच्या रक्तातली साखर पार घसरली होती, सलाईनवर तो शुद्धीत आला. म्हणजे उपाशीपोटी मधुमेहाच्या चार गोळ्या गेल्या होत्या. त्या दिवशी गोळ्या नेलेल्यांच्या घरी लगेच शिपाई धाडले. दोघांना घेरी आली होती. त्यांना गूळपाणी पाजून जीपने रुग्णालयात पोचवलं, दोघेही वाचले.

मग सिस्टरला म्हटलं, “बाई, समजा मी पेशंट. रोजच्यासारख्या गोळ्या द्या.”

तिने पत्र्याची पेटी उघडली. आत सारखेच डबे दाटीवाटीने ठेवलेले. नावं झाकणांवर, डबे कोरे. गर्दीत दोन-तीन डबे एकदम उघडायचे आणि झाकणं टेबलावर एकत्र पडायची.

“नाव डब्यावर का नाही?” मी विचारलं.

“पेटीत वरूनच वाचा लागते ना जी.”

“पण पेटीत कशाला?”

“मांडणी वाळवीनं खाल्ली. नवी मागून राह्यली मी, येऊन नाई राह्यली.”

गोळ्याही दर खेपेला निराळ्या आकाराच्या येत, त्यामुळे बघूनही शंका येत नसे. पंचांसमक्ष तापाचं झाकण काढलं, तर खाली मधुमेहाच्या गोळ्या. रस्त्यापलीकडे सागाच्या ओंडक्यांच्या राशी लागलेल्या आणि दवाखान्याला एक फळी मिळेना! मला हसू आलं आणि संतापही.

अटक केली नाही. अहवालात वाळवीपासून झाकणापर्यंत सगळं लिहिलं, ठाण्यातली लोखंडी मांडणी तिकडे पाठवली, प्रत्येक डब्यावर नाव चिकटवून घेतलं. तेव्हापासून कोणत्याही तपासात गुन्हेगार शोधण्याआधी काम रोज कसं चालतं ते मी बघत आलो. त्यामुळे बऱ्याच निरपराध माणसांची कोठडी टळली, याचं समाधान आहे.

पण गावाची भीती अहवालाने जाईना. दवाखान्याकडे कोणी फिरकेना. पुढच्या बाजाराला तोच म्हातारा मुलाला घेऊन तिथे गेला. मीही गेलो होतो. सिस्टरने डबा त्याच्यासमोर धरून नाव वाचून दाखवलं.

“दे बाई,” म्हातारा म्हणाला, “ताप फिरून आला.”

मुलाने पाण्याचा लोटा पुढे केला. म्हाताऱ्याने गोळ्या गिळल्या आणि दारात उभ्या असलेल्या लोकांकडे वळून म्हणाला, “आता लाइन लावा.”