मुंबईच्या आधी उगवणारा चंद्र

अमरावतीच्या आमच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या खगोलशास्त्राला प्रोग्रॅमिंग जोडलं गेलं आणि पन्नाशीत मला, शिकवणाऱ्यालाच, पुन्हा विद्यार्थी व्हावं लागलं. प्रोग्रॅम चुकला की पडद्यावर लाल अक्षरं येतात. ती मला पाहूनच येतात, असा माझा समज आहे.

पहिला प्रयोग मीच सुचवला: आपापल्या गावचा चंद्रोदय काढा. भिंतीवरच्या कॅलेंडरात संकष्टीची ठळक वेळ मुंबईची असते. आपण पूर्वेला, आपला चंद्र पाव तास आधी. हे ऐटीत सांगितलं आणि प्रोग्रॅममध्ये चंद्र भर दुपारी उगवला.

"सर, हा ग्रीनिचचा टाइम असन," तेल्हाऱ्याची एक मुलगी म्हणाली.

"तेच तुमच्या लक्षात येतं का, पाहत होतो."

साडेपाच तास मिळवले. जुळलं. निदान तसं वाटलं.

संकष्टीच्या आदल्या दिवशी तीच मुलगी गावी निघाली. "सर, माय आता कॅलेंडर नाही पाहत. आपल्या प्रोग्रॅमवरच उपास सोडते म्हणे."

मी हसलो. ती गेल्यावर मात्र हिशेब पुन्हा तपासायला बसलो. ती बाई दिवसभर पाणीही घेत नाही, आणि मी अजून मिळवायचं की वजा करायचं यात अडखळतो.

दुसऱ्या दिवशी अकोल्याला घरी होतो. संध्याकाळी आभाळ गच्च. चंद्र दिसला असता तर प्रश्नच नव्हता. दिसला नाही की वेळेवरच सगळं. आईचाही उपास. तिला पाव तासाचं सांगितलं.

"म्हणजे आजवर आमी मुंबईच्या चंद्राची वाट पाहून राहिलो होतो काय?"

प्रोग्रॅमची वेळ झाली आणि फोन वाजला. "सर, इकडं आभाळ आहे. माय इचारते, सरच्या आईनं सोडला का? मंगच मी सोडतो म्हणे."

मी फोनवर हात ठेवून आईला ते सांगितलं. तिने उलट मलाच विचारलं.

"हिशेब तू केला का पोट्ट्याईनं?"

"पोरांनी. मी तपासला."

"तू तपासला ते राहू दे. पोट्ट्याईनं केला ना? मंग वाढ. अन् तिच्या मायले सांग, जेव म्हणा."

सांगितलं. आईने मोदक मोडला. माझंही ताट वाढलेलं होतं, उपास तर मी कधीच धरत नाही. पण कॅलेंडरातली वेळ टळेपर्यंत मी ताटाला हात लावला नाही.