माव्याच्या आया

सालेकशाजवळच्या आमच्या गावात मंदाबाईंचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. कोणाची भाजी कशानं वाळली, कोणाची कोंबडी काऊन बसत नाही, सगळं त्यांना ठाऊक. मी त्यांची शेजारीण, अलका. मला तर त्या रोजच शहाणपण शिकवायच्या आणि मी मुकाट शिकायचे.

यंदा त्यांच्या कुंपणावरच्या वालाला मावा लागला. कोवळे शेंडे बारीक काळ्या किड्यांनी भरून गेले, पानं चिकट झाली, मुंग्यांची ये-जा सुरू झाली. हा वाल साधा नव्हता. जांभळ्या कडेच्या शेंगांचं हे बियाणं त्यांच्या आईच्या हातचं. आई गेली, डब्यातलं बी किडीनं खाल्लं. वाचलं तेवढं सगळं यंदा पेरलं होतं. वेल गेला की बियाणं संपलं.

माव्यात मधूनमधून काटेरी, नारिंगी ठिपक्यांच्या अळ्या फिरत. दिसायला अगदी राक्षसिणी.

"ह्या माव्याच्या आया होत, अलका," मंदाबाईंनी निकाल दिला. "ह्याच पिल्लं टाकून राहिल्या. माय मारली का पिल्लं आपोआप मरतेत."

झालं! रोज सकाळी अळ्या वेचून राकेलात बुडवायच्या. मावा वाढला, तर त्यांनी आणखी जोरात वेचल्या. मलाही माझा वाल साफ करायला लावला. आयाबायांना दाखवायला म्हणून चार अळ्या तेवढ्या माव्याच्या शेंड्यासकट बरणीत ठेवल्या, झाकणाला भोकं पाडून.

काही दिवसांनी त्या धावतच माझ्या अंगणात आल्या. तोंडाचं पाणी पळालेलं. बरणी माझ्या हातात कोंबली. आतला शेंडा स्वच्छ. औषधालाही मावा नाही. काचेला अळ्यांची सुकी टरफलं चिकटलेली आणि त्यांच्याजवळ चार लाल, काळ्या ठिपक्यांचे किडे फिरत होते. लहानपणी आम्ही बोटावर चालवायचो तेच. मी हबकलेच.

"थ्या मावा खाऊन राहिल्या होत्या वो!" मंदाबाईंचा आवाज फाटला. "मी राखणदारच मारले. कायले मारले मी? माया वेलावर एक नाई उरली. तुया वाडीतल्या दे. चार-दोन तरी दे."



"नाईत, मंदाबाई," मी कसंबसं म्हणाले. "तुमी सांगतलं तशा सगळ्या वेचल्या. एकही नाई ठेवली. तेच सांगाले येऊन राहिली होती मी."

त्यांनी बरणी माझ्या हातातून काढून घेतली आणि दोन्ही हातांनी धरून, एकेक पाऊल जपत, वेलाकडे निघाल्या.