दुधाची गंमत

"वेस्ट नाही करायचं. हे सगळं आता तूच पी. इथेच, आमच्यासमोर."

मॅडम हसत बोलल्या, पाहुणेही हसले. मी हॉलच्या मधोमध ट्रे घेऊन उभी. ट्रेमध्ये चार कप, चारही कपांत नासलेला चहा.

चिखलोलीच्या नव्या टॉवरमध्ये मी घरकाम करायची. त्या दिवशी मॅडमनी संत्र्याच्या सालीची महागडी चहापत्ती किटलीत भिजवली, वर लिंबू पिळलं आणि कप भरून आणायला सांगितलं. चहा कोराच. आमच्या चामटोली गावात घरात दूध नसलं की कोरा चहा होतो, आणि तो पाहुण्यापुढे ठेवायची पाळी आली तर घरातल्या बाईला मान वर करवत नाही. मला वाटलं, मॅडम दूध विसरल्या. त्यांची लाज राखायला म्हणून मी दूध तापवलं, प्रत्येक कपात ओतलं. फाटलं.

मी प्यायले. उभ्याने, चारही कप. सालीचा कडवटपणा, लिंबाचा आंबटपणा, जिभेवर दुधाच्या गुठळ्या. माझं तोंड वाकडं झालं की ते आणखी हसायचे. नाही म्हणायची सोय नव्हती. माझा नवरा त्याच सोसायटीच्या गेटवर वॉचमन. त्याला तिथे चिकटवलं मॅडमच्या मिस्टरांनी.

एवढ्यावर संपलं असतं तर गिळून टाकलं असतं. पण मॅडमना चटक लागली. कोणीही आलं की तोच चहा, आणि मला हाक. "ती दुधाची गंमत सांग ना." मी सांगायची, दूध फाटलं इथपर्यंत. पुढचं त्या सांगू देत नसत. नवरा म्हणायचा, हसतात तर हसू दे, तुझं काय जातं. मला त्याचाही राग यायचा.

गेल्या महिन्यात मॅडमच्या सुनेच्या माहेरची माणसं आली. संत्र्याचा वास घरभर. हाक आली. गेले, सांगितलं, ते हसले. मॅडम म्हणाल्या, "बस, जा आता."

मी गेले नाही. सुनेच्या आईकडे बघून म्हटलं, "ताई, गंमत अजून अर्धीच झालीय. तो फाटलेला चहा मॅडमनी मला पाजला. इथेच उभी करून, चारही कप. मी प्यायले, कारण माझा नवरा खाली गेटवर आहे. आता हसा."

कोणी हसलं नाही. मॅडम म्हणाल्या, उद्यापासून येऊ नकोस.

खाली येऊन नवऱ्याला सांगितलं. तो डोक्याला हात लावून बसला. त्याला अजून काढलेलं नाही, पण मिस्टर जाता-येता त्याच्याशी बोलत नाहीत. रोज घरी आला की मला म्हणतो, एकदा जाऊन पाया पड, मिटव. भीती मलाही वाटते, खोटं कशाला बोलू. दुसरी कामं शोधतेय. भांडी घासीन, संडास धुईन. त्या हॉलमध्ये पुन्हा उभी राहणार नाही. त्याच्या नोकरीसाठीसुद्धा नाही.