डॉक्टर इंग्रजीत शिरले की

डायलिसिसच्या खोलीत किस्से साठतातच. तीच माणसं, तेच बेड, हाताला सुया लावून तासन्‌तास पडून राहायचं. बोलण्याशिवाय करणार काय? मी तिथला टेक्निशियन, कोल्हापूरचाच. किस्से हसायचे आहेत, पण त्यातली निम्मी माणसं आता नाहीत, हे आधीच सांगून ठेवतो.

*

आमचे डॉक्टर भला माणूस. एरवी मराठीत चेष्टामस्करी, पण रिपोर्ट वाईट आला की सरळ इंग्रजीत शिरायचे, तेही माझ्याशी! पेशंटना हे पाठ झालेलं.

एकदा त्यांनी मला इंग्रजीत सांगितलं, की एसी जरा कमी कर. खोली चिडीचूप! एक मावशी तर रडायलाच लागल्या. शेवटी रिटायर्ड शिंपी हमीदभाई ओरडले, "सर, मराठीत सांगा की! हितं जीव जायची येळ आली!"

*

याच हमीदभाईंना घरून फोन आला की ते त्यांच्या घरच्या उर्दूत गोड आवाजात सांगायचे, "सब खैरियत है." मग फोनवर हात दाबून माझ्याकडे बघत, "ट्रे आणा, ट्रे! उलटी व्हतीया!"

आणि पुन्हा फोनवर, "हाँ, बोलो."

*

त्यांच्या शेजारच्या बेडवर आबा. कागलच्या पलीकडचे, सीमेवरच्या गावचे. घरात कानडी, बाजारात मराठी आणि मशीनशी हिंदी! अलार्म वाजला की दरडावायचे, "ए, चूप बैठ!"

"आबा, मशीनशी हिंदी कशाला?"

"लांबनं आलंय न्हवं ते? आपलं कसं कळंल त्येला?"

हमीदभाई म्हणाले, "तुमची हिंदी ऐकून बंद पडंल की ते!" आबा इतके हसले, की अलार्म पुन्हा वाजला.

*

आबांना मूलबाळ नव्हतं. बायको, बसव्वाक्का, आपली किडनी द्यायला तयार होती. तिला फक्त कानडी येत होतं. तपासण्यांचे रिपोर्ट आले त्या दिवशी ती बेडशेजारीच बसली होती. डॉक्टर आत आले आणि माझ्याकडे बघून इंग्रजीत सुरू झाले.

आबांनी हात वर केला. "सायेब, इंग्रजी नगो. मला सांगा, मराठीत. तिला मी सांगतो."

डॉक्टर आबांकडे वळले. "आबा, अक्कांची किडनी जुळत नाही. दुसरं कोणी आहे देणारं?"

"न्हाय."

मग आबा बायकोशी बराच वेळ कानडीत बोलले. तिचा चेहरा उजळला. तिनं मशीनला हात जोडले!

मी हमीदभाईंच्या कानाशी वाकलो. तरुणपणी त्यांनी सीमेपलीकडे शिलाई केलेली, त्यांना कानडी येत होतं. ते छताकडे बघत हळूच म्हणाले, "म्हनाले, तुजी किडनी लागायची न्हाय. मशीननंच मी बरा व्हाय लागलोय."

बसव्वाक्कानं पिशवीतून गूळ काढला आणि सगळ्यांच्या हातावर एकेक खडा ठेवला. डायलिसिसला गूळ वर्ज्य; तो खाल्ला म्हणून पेशंटना रागावणारा मी, पण मीही हात पुढे केला. मला फार वाईट वाटत होतं. हमीदभाईंनी खडा तोंडात टाकला.

डॉक्टरांच्या हातावरही खडा आला. हमीदभाईंचं कुजबुजणं त्यांनीही ऐकलं होतं; ते त्यांच्याकडे वळले. "बरं झालं, असं कानडीत कसं म्हणतात?"

"छलो आतु."

डॉक्टरांनी गूळ तोंडात टाकला आणि तिच्याकडे बघून म्हणाले, "छलो आतु, अक्का."

आबांनी डोळे मिटून घेतले होते. तसेच पडून ते म्हणाले, "थँक्यू, सर."