सत्काराच्या फोटोतले दोन हात

सत्कार माझ्या नवऱ्याचा, आणि फोटोत त्यांचंच तोंड नाय.

तरी आज हा फोटो टाकतेय, आणि लय खुशीत टाकतेय. टायपिंग नातीनं शिकवलंय, चुकलं तर तिला बोला.

मागच्या एक मेची गोष्ट. कर्जतला झेंडावंदन होतं. कामगारांची नावं माईकवर वाचून सरकारी सन्मानपत्र देणार होते.

आमचे हे माथेरानला हातरिक्षावर. पुढचा गडी ओढतो, मागचा चढाला ढकलतो, उताराला थोपवतो. हे जन्मभर मागं. पॅसिंजरला त्यांचं तोंड कधी दिसलंच नाय.

म्हणून एकदा सगळ्यांसमोर नाव ऐकायचं होतं.

पण ह्यांना दमा. डॉक्टरनं उन्हात उभं राहू नका सांगितलेलं.

सन्मानपत्रं द्यायला आलेले साहेब आधी मोठा कागद वाचायला लागले. श्रमाची प्रतिष्ठा, राष्ट्राची उभारणी... संपेचना. मला घरी भिजत घातलेले वाल आठवायला लागले.

आणि ह्यांचा श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला.

"अवो, बसा की खुर्चीवर."

"झेंड्याखाली कोण बसतं गं?"

"पडाल!"

"नाव झाल्यावर पडतो."

ओठ काळे पडलेले. मी दम्याचा पंप पुढं केला, तर हातानं सारला.

"पंप तोंडात असताना पुकारलं तर?"

एक नाव झालं. दुसरं. पाचवं. मी मागून त्यांचा सदरा मुठीत धरलेला.

आणि पुकारलं! बापाच्या नावासकट!

चढले. कागद घेतला. फोटोवाला बोलला, "साहेब, थोडं मागं."

साहेब मागं सरकले. मागं स्टेज संपत होतं, कठडा नाय.

मी ओरडणार, तोवर ह्यांनी कागद काखेत मारला, साहेबांच्या मागं घुसले, पाय रोवला आणि कमरेला धरून थोपवलं. चढाला मागं घसरणारी रिक्षाच जशी!

तेवढ्यात फोटो निघाला.

खाली आल्यावर मी बोलले, "एक दिवस तरी पुढं राहायचं वो!"

"सवय गं," बोलले, आणि मग घेतला पंप.

दिवाळीआधी गेले.

फोटोत नीट बघा. साहेबांच्या कमरेला दोन काळे हात हायत, नखं फुटलेली. ते आमच्या ह्यांचे.

लग्नातल्या उखाण्यानंतर मी त्यांचं नाव कधी घेतलं नाय. पण तोंड मागं राहिलं, तर नाव तरी पुढं पायजे.

बाळाराम धोंडू ठोंबरे.

घ्या, पुकारलं.

आता बसा.