आईवेगळ्या पिल्लांना ऊब कशाची द्यायची?

मंडळी, आज सकाळी पालीला गेले होते, माझी मैत्रीण सुषमा हिच्याबरोबर, तिच्या माहेरी. पोचले तर तिची आई दारातच रडवेली उभी. मी तिला मावशी म्हणते. पहाटे कुत्र्याने तिची कोंबडी नेली होती. मागे राहिलेली इवलीशी पिल्लं थंडीने कुडकुडत नुसती ओरडत होती.

मावशीने कोळशाची शेगडी पेटवली, पिल्लांच्या खोलीत ठेवली आणि दार लावायला निघाली. मी तिचा हात धरला. "मावशी, बंद खोलीत धूर कोंडेल. गुदमरतील गं ती."

"मग काय करू? आय न्हाय त्यांना!"

सुषमाने एका खोक्यात गवत पसरून पिल्लं त्यात ठेवली आणि वर बल्ब टांगला. वायर सैल होती. बल्ब सटकून खालच्या गवतावर पडला आणि गवत करपायला लागलं. मी धावत जाऊन बटण बंद केलं.

शेवटी मावशीने कंबर शेकायची गरम पाण्याची पिशवी आणली. आम्ही ती टॉवेलात गुंडाळून खोक्याच्या एका बाजूला ठेवली. जास्त गरम वाटलं तर पिल्लांना लांब जाता यावं, म्हणून दुसरी बाजू मोकळी सोडली. हळूहळू सगळी पिशवीला चिकटून बसली, गप्प झाली.

"आई, तुझ्या कंबरेचं काय?" सुषमाने विचारलं.

"दुखंल जरा. मला सवय हाय. यांना कुठं हाय?"

पण पाणी सारखं गार होणार. तुमच्यापैकी कुणी अशी पिल्लं जगवली असतील तर सांगा ना, रात्रभर ऊब कशी देता? मावशीला लगेच फोन करते.